एक कुक्कुटपालक आणि सरकारी दप्तर

सरकारी कचेरीत एखादा कागद मागायला गेले की समोरून पहिला प्रश्न येतो, “तुम्ही कोण?” त्याच्यामागोमाग दुसरा, “तुम्हांला तो कशाला हवा?” हे प्रश्न आपल्याकडच्याच कचेऱ्यांत विचारले जातात असा कोणाचा समज असेल, तर तो खरा नाही. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशातही ते विचारले गेले, आणि एका माणसाने त्या प्रश्नांना तीस-पस्तीस वर्षे दाद दिली नाही. त्याने मागितलेले कागद काही रेशनकार्डाचे वा जमिनीच्या उताऱ्याचे नव्हते. देशाच्या राष्ट्राध्यक्षाचा खून झाला, त्याचा तपास सरकारने कसा केला, याचे ते कागद होते. आणि मागणारा कोण? तर कोंबड्या पाळणारा एक शेतकरी.

हॅरल्ड वाइसबर्ग हे त्यांचे नाव. जन्म १९१३ सालचा, फिलाडेल्फिया शहरातला, एका गरीब ज्यू कुटुंबातला. इतिहासाचे किंवा कायद्याचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. तरुणपणी वर्तमानपत्रांत लिहावे, पुढे अमेरिकन सेनेटच्या एका चौकशी समितीत साक्षीपुरावे जमवण्याचे व संपादनाचे काम करावे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात बसून कागद वाचावेत, असे त्यांचे आयुष्य गेले. युद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांच्या संशयाचे वारे सुटले. त्या वाऱ्यात १९४७ साली परराष्ट्र खात्यातली नोकरी गेली. मग नवरा-बायकोने शहर सोडले आणि मेरीलँड राज्यात हायट्सटाउन नावाच्या गावाजवळ कुक्कुटपालन सुरू केले.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यांच्या शेतावरून लष्कराची हेलिकॉप्टरे फार खालून जाऊ लागली. आवाजाने कोंबड्या बुजत, एकमेकींच्या अंगावर पडत, अंडी देईनाशा होत. आपल्यातल्या एखाद्याने कपाळाला हात लावून सोडून दिले असते. वाइसबर्ग यांनी सरळ अमेरिकेच्या सरकारवर दावा लावला. राष्ट्राध्यक्षाच्या खुनाचा आणि या कोंबड्यांचा काही संबंध नाही, हे खरे. पण ‘सरकार’ नावाच्या बड्या पक्षकाराला कोर्टात उभे करता येते, हे ज्ञान त्यांना खुराड्याशी मिळाले होते, आणि ते पुढे कामी आले.

आता मूळ घटना पाहू. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, भर दुपारी साडेबारा वाजता, टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी उघड्या मोटारीतून चालले असता त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. केनेडी मरण पावले. पुढच्या आसनावर बसलेले टेक्सासचे गव्हर्नर जॉन कॉनली जबर जखमी झाले. त्याच दिवशी ली हार्वे ऑस्वाल्ड नावाचा चोवीस वर्षांचा तरुण पकडला गेला. तो काही कबूल करण्याआधीच, दोन दिवसांनी, पोलिसांच्याच तळघरात, टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांसमोर, जॅक रूबी नावाच्या इसमाने त्याला गोळी घालून ठार केले. आरोपीच गेला, म्हणजे खटला उभाच राहिला नाही. साक्षीदारांची उलटतपासणी, बचावाचा वकील, पंच, हे सारे जे एरवी न्यायालयात घडते ते घडलेच नाही. त्याच्या जागी नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला.

वॉरन आयोगाने सप्टेंबर १९६४ मध्ये ८८८ पानांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा की ऑस्वाल्डने एकट्याने हे कृत्य केले. कटाचा पुरावा नाही. वर्तमानपत्रांनी तो अहवाल उचलून धरला. दोन महिन्यांनी साक्षी व पुराव्याचे २६ जाड खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा मात्र ते वाचायला कोणाला सवड नव्हती. निकाल कळल्यावर साक्षी कोण वाचतो?

ज्यांनी वाचल्या त्यांची हकीगत फार बोलकी आहे. हे बहुतेक सारे सामान्य लोक होते. न्यूयॉर्कमध्ये जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी करणाऱ्या सिल्व्हिया मार यांनी ते खंड घेतले आणि पाहिले तर काय, त्यांना विषयवार सूचीच नाही! हजारो पानांत बंदुकीविषयी कोण काय म्हणाले हे शोधायचे, तर प्रत्येक पान उलटले पाहिजे. या बाईंनी नोकरी सांभाळून स्वतः सूची तयार केली. ती १९६६ मध्ये छापून निघाली, आणि पुढे जो जो या विषयात पडला त्याने ती हाताशी धरली. मी महाविद्यालयात शिकवतो. पुस्तकाच्या शेवटची सूची म्हणजे छापखान्याने घातलेली भर, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. शिक्षक वाचकांना विनंती, की पुढच्या वेळी सूची कशासाठी असते हे सांगताना या बाईंचे उदाहरण जरूर द्यावे. २६ खंडांचे गाठोडे होते. सूची झाल्यावर त्यांचा पुरावा झाला.

वाइसबर्ग यांनीही तेच खंड वाचले, आणि त्यांची पद्धत तेव्हाच ठरून गेली. अफवांच्या मागे जायचे नाही. सरकारचा निष्कर्ष सरकारच्याच कागदांशी ताडून पाहायचा. अहवालात एक विधान आले की त्याची तळटीप काढायची, तळटिपेवरून साक्ष काढायची, आणि साक्षीदार खरोखर तसे म्हणाला होता का ते पाहायचे. पुष्कळ ठिकाणी तो तसे म्हणालेला नव्हता, किंवा पुढच्याच वाक्यात त्याने उलट सांगितले होते. १९६५ च्या सुरुवातीस त्यांचे पुस्तक लिहून झाले. ‘व्हाइटवॉश’ हे त्याचे नाव. आपल्याकडे भिंतीवरचे डाग झाकायला चुन्याचा हात मारतात ना, तो अर्थ. अनेक प्रकाशकांनी ते परत पाठवले. तेव्हा त्यांनी टंकलिखित पानांचीच छायाचित्रे घेऊन स्वखर्चाने पुस्तक छापले. दिसायला ते कुरूप आहे, भाषा चढलेली आहे, वाक्ये लांबलचक आहेत. पण पानोपानी खंड आणि पृष्ठ यांचा आकडा आहे. ज्याला शंका येईल त्याने जाऊन पाहावे.

मुख्य वाद गोळ्यांचा होता, आणि तो समजावून घेतल्याशिवाय पुढची कोर्टकचेरी समजायची नाही. एका कारखानदाराने रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या प्रसंगाचा चित्रपट घेतला होता. त्याचा कॅमेरा सेकंदाला सुमारे अठरा चित्रे घेई, म्हणून तो चित्रपट म्हणजे घड्याळच झाले. ऑस्वाल्डची म्हणून सांगितलेली बंदूक एकदा झाडल्यावर पुन्हा झाडायला कमीत कमी २.३ सेकंद लागत. चित्रपटात केनेडी आणि कॉनली यांना गोळी लागल्याचे दिसते, त्या दोन क्षणांतले अंतर याहून कमी भरते. मग एक तर दुसरा बंदूकवाला होता, नाहीतर एकच गोळी दोघांच्या शरीरांतून गेली. आयोगाने दुसरी गोष्ट मानली. ती गोळी रुग्णालयात स्ट्रेचरवर सापडली होती आणि जवळजवळ अखंड होती. हाडाला लागलेली गोळी इतकी धड कशी राहील, असा प्रश्न विचारला गेला. कॉनली यांनी तर स्वतःच साक्षीत सांगितले होते की आपल्याला लागलेली गोळी पहिली नव्हे.

हे तपासण्याचा एक शास्त्रीय मार्ग होता. गोळीचे शिसे आणि जखमेत सापडलेले धातूचे कण यांचे वर्णपटलावरून पृथक्करण करायचे, म्हणजे दोन्हींत कोणते धातू किती प्रमाणात आहेत ते कळते. अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, ही परीक्षा केलीही होती. पण आयोगाच्या खंडांत तिचे आकडे नव्हते. नमुने एकमेकांसारखे आहेत, एवढाच गोषवारा होता. तुम्ही शेतातली माती तपासायला पाठवलीत आणि ‘माती ठीक आहे’ एवढेच उत्तर आले, नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती याचा पत्ता नाही, तर तुम्ही काय म्हणाल? वाइसबर्ग तेच म्हणाले. “आकडे दाखवा.”

हे त्यांनी १९६६ मध्ये एफबीआयला लिहून विचारले. त्याच वर्षी अमेरिकेत माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा संमत झाला आणि जुलै १९६७ पासून अमलात आला. कोणाही माणसाने सरकारी कागद मागावा आणि सरकारने तो द्यावा. न द्यायचा तर कारण सांगावे, असा त्याचा आशय. पण कारणांच्या यादीत एक मोठे भगदाड होते. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या तपासाची फाइल असेल तर ती द्यावी लागत नसे. एफबीआयची कोणती फाइल तपासाची नसते?

वाइसबर्ग १९७० मध्ये कोर्टात गेले. त्यांच्या बाजूचा एक मुद्दा मोठा मार्मिक होता. १९६३ साली राष्ट्राध्यक्षाचा खून हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली गुन्हाच नव्हता. तो फक्त टेक्सास राज्याचा गुन्हा होता. केंद्रीय कायदा झाला १९६५ मध्ये. मग केंद्रीय संस्था कोणत्या कायद्याची अंमलबजावणी करत होती? आणि आरोपी मेला असता अंमलबजावणी कोणावर करायची? खालच्या कोर्टाने दावा काढून टाकला. वरच्या कोर्टात तीन न्यायाधीशांपुढे १९७३ च्या आरंभी ते जिंकले. सरकारने साऱ्या न्यायाधीशांपुढे फेरसुनावणी मागितली आणि त्याच वर्षअखेर ते हरले. फाइल तपासाची आहे एवढे सांगितले की पुरे, असा निकाल झाला. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

सामान्य माणसाची गोष्ट इथे संपते. पण हरलेला दावाही कधी कधी उपयोगी पडतो. १९७४ मध्ये अमेरिकन सेनेटमध्ये या कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा झाली, तेव्हा वाइसबर्ग यांच्या खटल्याचे नाव घेऊन, असे निकाल रद्द व्हावेत म्हणून ही दुरुस्ती आहे, असे नोंदवले गेले. हे नोंदवून घेणारे सेनेटर होते एडवर्ड केनेडी, मृत राष्ट्राध्यक्षांचे धाकटे बंधू. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी दुरुस्ती नामंजूर केली. दोन्ही सभागृहांनी त्यांचा नकार बहुमताच्या जोरावर झुगारून दिला. तेव्हापासून नुसते ‘तपासाची फाइल’ म्हणणे पुरेसे राहिले नाही. कागद दिल्याने चालू तपासात अडथळा येतो, खबऱ्याचे नाव फुटते, असे काही नेमके नुकसान दाखवावे लागू लागले. दुरुस्ती १९७५ मध्ये अमलात येताच वाइसबर्ग यांनी तोच दावा नव्याने लावला.

आपल्याकडच्या कायद्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राने स्वतःचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये आणला, आणि २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की अर्जदाराने माहिती का हवी याचे कारण सांगण्याची गरज नाही. म्हणजे आरंभी सांगितलेल्या दुसऱ्या प्रश्नाला कायद्यानेच काट दिली. आठव्या कलमात तपासाची अडचण आहे, पण ती ‘तपासात अडथळा येईल अशी माहिती’ या शब्दांत. तपास चालू आहे एवढ्यावर माहिती नाकारता येणार नाही, अडथळा कसा येतो ते सांगितले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ग्रामपंचायतीचा जमाखर्च मागणाऱ्याला वाइसबर्ग हे नाव ठाऊक असायचे कारण नाही. पण हा झगडा सगळीकडे एकाच जातीचा आहे.

त्यांना मिळालेल्या कागदांतला एक मासला सांगतो. २७ जानेवारी १९६४ रोजी वॉरन आयोगाची बंद दाराआड बैठक झाली होती. तिच्या इतिवृत्तावर ‘अत्यंत गुप्त’ असा शिक्का होता. वाइसबर्ग यांनी दावा लावला आणि १९७४ मध्ये ते खुले झाले. आत काय निघाले? राष्ट्राच्या संरक्षणाचे रहस्य एकही नाही. ऑस्वाल्ड हा एफबीआयचा पगारी खबऱ्या होता अशी एक अफवा उठली होती, आणि तिचे काय करायचे यावर सदस्य चिंतेने बोलत होते. त्यांत गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख अॅलन डलेस होते. अशा कामातला माणूस शपथेवरही खरे सांगेल असे नाही, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. अफवा खरी होती असे या कागदाने सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की शिक्का राष्ट्राला जपण्यासाठी नव्हता, अडचणीत आलेल्या माणसांना जपण्यासाठी होता.

मार्टिन ल्यूथर किंग यांची १९६८ मध्ये मेंफिस शहरात हत्या झाली, तेव्हा वाइसबर्ग त्याही प्रकरणात उतरले. आरोपी जेम्स अर्ल रे याला लंडनहून अमेरिकेच्या ताब्यात देताना तिथल्या कोर्टात उघडपणे दाखल झालेले कागद अमेरिकन सरकार दाखवायला तयार नव्हते! १९७० मध्ये कोर्टाने ते द्यायला लावले. पुढे याच प्रकरणात एफबीआयकडून पन्नास हजारांहून अधिक पाने निघाली. मग अडचण आली नकलांच्या पैशांची. पानामागे दहा सेंट म्हटले तरी हजारो पानांचे किती होतात! कोंबड्यांचा व्यवसाय तोवर केव्हाच सुटला होता, पुस्तकांवर पोट चालत नव्हते, प्रकृती बिघडली होती. केनेडी प्रकरणाच्या नकला त्यांना फुकट द्याव्यात, असा हुकूम एका न्यायाधीशाने जानेवारी १९७८ मध्ये दिला, कारण हे काम लोकांच्या हिताचे आहे.

आता त्यांच्या स्वभावाविषयी. माणूस गोड नव्हता. सरकारशी जेवढा भांडला तेवढाच आपल्या बाजूच्या लोकांशीही भांडला. पण त्या भांडणांत त्यांची किंमत दिसते, असे मला वाटते. न्यू ऑर्लिन्स शहराचे सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी १९६७ मध्ये एका व्यापाऱ्यावर केनेडींच्या खुनाच्या कटाचा आरोप ठेवला, तेव्हा वाइसबर्ग मदतीला गेले होते. पण १९६८ च्या अखेरीस गॅरिसन आणखी एका माणसाला मारेकरी म्हणून जाहीर करायच्या बेतात आले. वाइसबर्ग यांनी चौकशी केली, तर तो माणूस १९६२ मध्येच, खुनाच्या आधी वर्षभर, मेलेला! त्यांनी तो बेत थांबवला आणि गॅरिसनची साथ सोडली. त्या व्यापाऱ्याला ज्यूरीने १९६९ मध्ये तासाभरात निर्दोष सोडले. पुढे १९९१ मध्ये दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन याच गॅरिसनला नायक करून चित्रपट काढतो आहे असे कळताच, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या गृहस्थांनी पटकथेची प्रत एका मोठ्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला देऊन टाकली. कट होता असे ज्याला स्वतःला वाटते, त्याने कटाच्या खोट्या गोष्टीवर हल्ला करावा, हे थोड्यांना जमते. आणि दैवाची गंमत पाहा. त्याच चित्रपटाने एवढी खळबळ उडाली, की १९९२ मध्ये खास कायदा होऊन पन्नास लाखांहून अधिक पाने राष्ट्रीय अभिलेखागारात जमा झाली. काही उरलेली होती, त्यांतली पुष्कळ २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२५ मध्ये खुली झाली.

मग खून कोणी केला? तुम्ही हे विचारणारच. १९७९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीने ‘बहुधा कट असावा’ असे म्हटले, ते मुख्यतः एका ध्वनिमुद्रणाच्या आधारावर. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या शास्त्रज्ञांनी तो आधार चुकीचा ठरवला. त्यानंतर उघड झालेल्या कागदांतून दुसऱ्या मारेकऱ्याचे नाव निघालेले नाही. गुप्तचर खात्यांनी आयोगापासून किती गोष्टी लपवल्या होत्या, हे मात्र भरपूर निघाले. वाइसबर्ग यांचे मत अखेरपर्यंत हेच होते की हे एकट्याचे काम नव्हे. पण कोणाचे, हे त्यांनी कधी सांगितले नाही. पुरावा नाही ते लिहायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. त्यांचा निष्कर्ष मला सर्वस्वी पटत नाही. पण आकड्यांचा त्यांचा हट्ट योग्य होता. शिशाच्या पृथक्करणावरून गोळ्या ओळखण्याच्या त्या शास्त्रावरच पुढे शंका घेतल्या गेल्या, आणि २००५ मध्ये खुद्द एफबीआयने शिशाची तशी तुलना करणे बंद केले. नुसत्या गोषवाऱ्यावरून ही शंका कोणाला घेता आली असती?

उतारवयात ते फ्रेडरिक नावाच्या गावाजवळ राहत. घराच्या तळघरात फाइलींची कपाटे ओळीने उभी होती. सुमारे अडीच लाख पाने. जो कोणी अभ्यास करायला येई त्याला तळघर मोकळे असे. १९९३ मध्ये ऑस्वाल्ड एकटाच दोषी असे प्रतिपादन करणारे एक पुस्तक गाजले. त्याच्या लेखकालाही त्यांनी आधी आपल्या तळघरात बसून हवे ते कागद पाहू दिले होते! पुस्तक वाचल्यावर ते भडकले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी उलट पुस्तक लिहिले, हे निराळे. तळघराचे दार तरीही बंद झाले नाही. २००२ च्या फेब्रुवारीत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन ते वारले. ते कागद फ्रेडरिकच्या हूड कॉलेजकडे गेले, आणि तिथल्या लोकांनी त्यांतले पुष्कळसे संगणकावर चढवून कोणालाही पाहता येतील असे ठेवले.